ठमाबाईंची दाढ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांना शिकवलं त्या डॉक्टरांना तर नाहीच. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनही असेल.

कर्जतला माझा दातांचा दवाखाना होता. जबड्याच्या सांध्याचं आणि दात एकमेकांवर नीट न बसल्याचं दुखणं कसं ओळखायचं, हे मी रविवारी आसपासच्या दंतवैद्यांना शिकवायचो. पनवेलहून, खोपोलीहून यायचे. त्या विषयात माझं नाव होतं — बरं नाव होतं. कानापुढे बोटं ठेवा, तोंड उघडायला सांगा, सांधा वाजतो का बघा. आणि दात उंच लागतोय असं रुग्ण म्हणाला, तर त्याचं ऐका. हे शेवटचं मी फार ठासून सांगायचो.

मी ते कुणाकडून शिकलो? — ठमाबाईंकडून.

ठमाबाई कळंबच्या. घरची भातशेती, आणि त्या धवलारीण — आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन विधी पार पाडणारी बाई. लग्नात तासन्‌तास गायच्या. आणीबाणीच्या आधी कधीतरी किडलेली खालची दाढ दाखवायला माझ्याकडे आल्या. मी कीड काढून चांदी भरली. चांदी भरली की रुग्णाला निळा कागद चावायला देतात. ठसा गडद उमटेल तिथे ती उंच राहिली असं समजून घासायची. दोन मिनिटांचं काम. मी ते केलं नाही. का? माझी जेवायची वेळ झाली होती. एवढंच.

"डाक्टर, हीच दाढ आधी लागतेय," त्या म्हणाल्या.

"होईल सवय," मी म्हणालो.

महिन्याभरानं कान दुखतो म्हणून आल्या. मग गाल, मग कानशील. तोंड उघडलं की सांधा वाजायचा, मला शेजारी उभं राहून ऐकू यायचा. आणि मी काय केलं? शेजारच्या दोन दाढा काढल्या. चांदीच्या दाढेला हात लावला नाही — ती मी स्वतः भरली होती ना! काढलेल्या दाढा धडधाकट होत्या, मुळापर्यंत स्वच्छ. ते मी पाहिलं. पाहून केरात टाकल्या आणि आज गरम काही खाऊ नका म्हणालो.

चार वर्षांनी मुंबईला एका शिक्षणवर्गाला गेलो. शिकवणारे सर फळ्यावर सांधा काढत होते, आणि मला कळत होतं की हा जबडा मी पाहिलाय. परत आल्यावर ठमाबाईंना बोलावणं धाडलं. निळा कागद दिला. चांदीवर एकच गडद ठिपका उमटला. तो घासायला दोन मिनिटं लागली — तीही पुरी नाहीत.

दुखणं हळूहळू गेलं. तोंड मात्र दोन बोटांपलीकडे उघडेना. सांधा बिघडून चुकला होता. दोन बोटांच्या तोंडानं धवले गाता येत नाहीत. त्यांच्या जागी दुसरी बाई गाऊ लागली.

इथवर चूक म्हणता येईल. पुढचं नाही म्हणता येणार.

रविवारच्या वर्गाला खरा रुग्ण लागायचा. मी ठमाबाईंना बोलवायचो, आणि त्या यायच्या. पहिल्याच वर्गात, यांच्या दोन धडधाकट दाढा उगाच काढल्या गेल्या असं मी सांगितलं, तर एकानं विचारलं, चांगल्या दाढा काढल्या कुणी? शिळफाट्याला एक दातवाला होता, मी म्हणालो. असा कुणी माणूस नव्हता. ठमाबाई खुर्चीत होत्या, त्यांच्या कानांपुढे कुणाची तरी बोटं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कोण हो बाई तो?" त्यानं त्यांनाच विचारलं.

"नाव नाय ठावं," त्या म्हणाल्या. "पर माणूस वाईट नव्हता."

सगळे हसले. तेव्हा बोलता आलं असतं, नाही का? मी खडू उचलला आणि फळ्याकडे वळलो. लाज वाटली. पण त्याहून जास्त, सुटलो असं वाटलं.

पुढे कित्येक वर्षं तो दातवाला माझ्या शिकवण्यात राहिला. मी त्याला मिशा दिल्या, गंजकी हत्यारं दिली. तो चांगलाच रंगायचा.

एका रविवारी सगळे गेल्यावर ठमाबाई दाराशी थांबल्या. पदर सारखा करत म्हणाल्या, "नातीचं लगीन हाय. आमच्या घरचं लगीन, आन्‌ धवले बाहेरची बाई गानार. त्यो शिळफाट्याचा म्हनाला व्हता, व्हईल सवय. तुमी काय म्हनता, डाक्टर?"

मी हातांचा खडू धूत होतो.

"पुढच्या रविवारी या," मी म्हणालो.

त्या आल्या. खुर्चीत बसल्या, उघडेल तेवढं तोंड उघडलं, आणि मी नव्या डॉक्टरांना सांगायला सुरुवात केली — शिळफाट्याला एक दातवाला होता.