ड्रायरच्या तोंडाला उशीचा अभ्रा

बसा, चहा ठेवलाय. तो उकळेपर्यंत माझी फजिती माझ्याच तोंडून ऐकून घ्या. नाहीतर आमच्या शेजारच्या मंदाताई ती अख्ख्या बुलढाण्यात सांगत फिरतातच, आणि त्या सांगतात तेव्हा माझी उरलीसुरली अब्रूही जाते. मी सांगितल्यानं ती वाचेल असं नाही म्हणा. पण ऐका!

आमच्या घाटावरचा पावसाळा तुम्हाला माहीत आहेच. धो धो पाऊस परवडला, तो येतो आणि जातो. इथे झड लागते. धुकं खिडकीतून आत येऊन पाहुण्यासारखं बसतं, आणि दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, नुसते म्हातारे होतात. शोभा, म्हणजे आमची गृहमंत्री, रोज टॉवेल नाकाला लावायची आणि पुण्याला मुलीला फोन करायची.

"प्रज्ञा, आजबी टॉवेलले वास येऊन राह्यला वं."

शेवटी पोरीनं वैतागून कपडे वाळवायचं मशीनच पाठवून दिलं. ड्रायर! बसवणारा माणूस आला, बसवून गेला. प्रज्ञानं फोनवर मला सूचना दिल्या. "बाबा, दर खेपेला जाळी काढून साफ करायची. मागचा पाइप खिडकीबाहेर मोकळा सोडायचा. कपडे आधी चांगले पिळून घ्यायचे आणि ठासून भरायचे नाहीत. कळलं?"

"कळलं," मी म्हणालो. कळलं होतंच हो! पण कळणं वेगळं आणि पटणं वेगळं.

कारण मी पडलो जिनिंगचा माणूस. सगळी नोकरी चिखलीच्या एका जिनिंगमध्ये गेली. कापूस आत घालायचा, सरकी एकीकडे, रुई एकीकडे. चिमटीत रुई धरून ओढली की धागा किती लांब ते मी न मोजता सांगायचो. अशा माणसासमोर गरगर फिरणारं मशीन ठेवायचं आणि म्हणायचं, बाबा, तुम्ही फक्त बटण दाबा? मांजरासमोर दूध ठेवून म्हणायचं, बाई, तू फक्त वास घे!

पहिल्याच दिवशी मी खुर्ची टाकून मशीनसमोर बसलो. काचेतून माझं बनियन वर जायचं, खाली पडायचं, पुन्हा वर.

"काय, टीव्ही पाहून राह्यले का?" शोभानं स्वयंपाकघरातून विचारलं.

"थांब वं जरा. यातलं पानी जाते कुठी, ते पाहून राह्यलो."

हसू नका. प्रश्न बरोबर होता. ओले कपडे आत गेले, कोरडे बाहेर येणार. मग पाणी कुठे गेलं? खाली थेंब नाही, मोरीत धार नाही. मी मशीनच्या खाली वाकून पाहिलं, मागे हात घालून पाहिला. मग डोक्यात आलं. स्टीलचं ताट घेऊन अंगणात गेलो आणि खिडकीतून बाहेर आलेल्या पाइपच्या तोंडासमोर धरलं. ताट धुरकटलं, थेंब ओघळले.

"शोभे! वाफ निघते, वाफ!"

"मंग काय निघन, दूध?"

असो. शोध लागला याचा आनंद मी पुण्याला पोरीला फोन करून साजरा केला. तिथे थांबलो असतो तर आज तुम्हाला सांगायला काही उरलंच नसतं. पण कपडे निघाल्यावर मी जाळी बाहेर ओढली.

जाळीवर रुई होती!

खरीखुरी. मऊ, करडी, पातळ थर धरून बसलेली. मी चिमटीत घेतली, ओढली, उजेडाकडे धरली. धागा आखूड, माल हलका, पण रुई ती रुईच. आता जिनिंगचा माणूस जाळीवर रुई पाहून काय समजेल? कापसातून रुई काढतात तशी हे मशीन माझ्या बनियनातून रुई काढत होतं!

"शोभे, इकडे ये. हे मशीन कपडे खाऊन राह्यलं!"

"कपडे जुने झाले म्हंजे थोडी लव निघतेच," ती म्हणाली. "धुतानाबी निघते, पान्यासंगं वाहून जाते. तुमाले ती आज दिसली, एवढंच."

बाईचं म्हणणं किती सरळ होतं! पण सरळ गोष्ट मान्य केली तर माणसाला करायला काय उरतं? मी पुरावा गोळा करायचं ठरवलं. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. मशीनमध्ये टाकायच्या आधी बनियन तोललं, निघाल्यावर तोललं. वजन कमी! चांगलं घसघशीत कमी! मी काटा घेऊन तिच्याकडे धावलो.

तिनं काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "आवो, आधी वलं होतं ना ते?"

मी काटा जागेवर ठेवून आलो.

तरी संशय जाईना. अंगणातल्या कढीपत्त्यावरही मला बारीक तूस दिसलं. म्हणजे जाळीतून सुटलेला माल पाइपातून बाहेर चालला होता! आमच्या जिनिंगमध्ये हवेच्या पाइपाला शेवटी कापडी पिशवी असायची, उडालेली रुई त्यात जमा व्हायची. मग इथे काऊन नाही? मी उशीचा एक जुना अभ्रा घेतला, पाइपाच्या तोंडाला चढवला आणि परकराच्या नाडीनं करकचून बांधला. आणि जाळी? ती साफ करणं बंद. कारण थर बसला की तोच थर पुढच्या रुईला अडवणार. डोकं म्हणतात ते हे!

शोभाला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर परकराची नाडी परत द्यावी लागली असती.

अशात आषाढी पौर्णिमा आली. त्या दिवशी वर्षावास सुरू होतो, आणि यंदा पावसाळाभर भंतेजी आमच्याच विहारात मुक्कामाला येणार होते. महिला मंडळानं एकसारख्या पांढऱ्या साड्या आणल्या होत्या. त्या नेसून सगळ्याजणी स्वागताला चालत जाणार आणि विहारात शोभा माइकवरून वंदना सांगणार. शोभा कधी माइकसमोर उभी राहिलेली नाही. आठवडाभर ती भाजी चिरतानाही ओठांतल्या ओठांत म्हणत होती, आणि मी खोलीत गेलो की गप्प व्हायची.

साड्या नव्या होत्या, खळीनं पुठ्ठ्यासारख्या. म्हणून मंडळाच्या अध्यक्ष मंदाताईंनी त्या सगळ्या एकदम धुवायला काढल्या. आणि धरली झड! आदल्या दिवशी दुपारी त्या आमच्या दारात उभ्या, हातात ओल्या साड्यांचा टब.

"भाऊ, जय भीम. उद्या सकाळी कार्यक्रम, आन साड्या वल्या कच्च. पंख्याखाली टाकल्या, काही फरक नाई. आता तुमच्या मशीनचाच आसरा."

"ठेवा ताई. संध्याकाळी कडक वाळलेल्या घेऊन जा."

"सगळ्या होतीन ना? एक जरी राह्यली तरी ते बाई येनार नाई."

"ताई, ज्यानं कापसाच्या गाठी दाबल्या त्याले साड्याची काय गोष्ट सांगता?"

आणि मी खरोखरच गाठ दाबतात तशा त्या सगळ्या साड्या एकदम आत दाबल्या. शेवटची आत जाईना, तर गुडघा लावला. दार लागलं. बटण दाबलं. शोभा बाहेर फुलं आणायला गेली आणि मी अंगणात जाऊन पाहिलं तर अभ्रा पुरीसारखा टम्म फुगलेला. इतकं समाधान वाटलं म्हणून सांगू!

बऱ्याच वेळानं दार उघडलं. साड्या गरम झाल्या होत्या. पण ओल्या! असू दे, म्हटलं, माल जास्त आहे. पुन्हा चालू केलं. थोड्या वेळानं मशीन आपोआप बंद पडलं. हात लावला तर चटका बसला. दमलं असेल बिचारं, म्हणून जरा निवू दिलं आणि परत बटण दाबलं. परत बंद. परत बटण. आमचा असा खेळ चालू असताना शोभा आली आणि दारातच थबकली.

"काहीतरी करपून राह्यलं."

"नवीन मशीन हाये, रंग तापला असन."

तेवढ्यात मंदाताईही साड्या न्यायला हजर. त्यांनी मोठ्या विश्वासानं मशीनचं दार उघडलं आणि वाफेचा असा लोट आला की त्यांचा चष्मा पांढरा झाला. आत हात घालून त्यांनी ओढलं, तर सगळ्या साड्यांचा मिळून एक दोरखंड बाहेर आला. बैलगाडी ओढता आली असती त्यानं.

चष्मा पुसून मंदाताईंनी विचारलं, "भाऊ, ह्या वाळवल्या का उकडल्या?"

मी शोभाकडे पाहिलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खुर्चीवर बसली. "आता सगळ्यायले काय सांगू मी?" एवढंच म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. आठवडाभर ओठ हलवत फिरणारी बाई, आणि मी तिच्या दिवसाचा विचका करून ठेवला होता.

मंदाताईंनी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, जाळी दाखवा," प्रज्ञा म्हणाली.

जाळी ओढली. भाकरीएवढा जाड थर निघाला, कडेला तपकिरी झालेला. मंदाताईंनी तो बोटानं सोलला तर अखंड उचलला गेला.

"साफ नाही केली? बरं. आता पाइप दाखवा."

फोन घेऊन आम्ही सगळे अंगणात. पाइपाच्या तोंडाला ओलाचिंब अभ्रा लोंबत होता.

"ते काय आहे?" प्रज्ञानं विचारलं.

"माझी नाडी!" शोभा ओरडली.

मी पिशवीची कल्पना समजावून सांगितली. रुई, गळती, सगळं.

"बाबा, पाणी याच पाइपातून वाफ होऊन जातं हे तुम्हीच ताट धरून शोधलं ना? मला मोठ्या कौतुकानं फोनवर सांगितलंत. मग त्यालाच बूच मारलं?"

"रुई..."

"आणि आत कोरडी रुई साठवून तिच्यावर तापलेली हवा सोडली. जिनिंगमध्ये कोणी आगपेटी घेऊन आलं तर तुम्ही काय करायचा?"

काय करायचो! फाटकाबाहेर हाकलून द्यायचो. रुईला ठिणगी लागली की काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. जी गोष्ट मी दुसऱ्यांना ओरडून शिकवली, तीच माझ्या घरात, शोभा रोज जिथे उभी असते तिथे, मी स्वतःच्या हातानं रचून ठेवली होती. खरं सांगतो, आधी धावत जाऊन प्लग काढला.

"अति शहाना त्याचा बैल रिकामा," मंदाताई म्हणाल्या आणि पदर खोचून कामाला लागल्या.

त्यानंतरचं सगळं शोभानं आणि त्यांनी मिळून केलं. मशीन निवू दिलं, जाळी साफ केली, पाइप मोकळा केला. साड्यांचा गुंता सोडवून त्या पुन्हा वॉशिंग मशीनमध्ये चांगल्या पिळून घेतल्या. मग थोड्या थोड्या, मोकळ्या झटकून आत टाकल्या, आणि प्रत्येक खेपेला जाळी पुसली. मशीन चालू असताना प्रज्ञानं फोनवरूनच कोणाला घराबाहेर जाऊ दिलं नाही. मला तर खुर्चीवर बसवून हाताची घडी घालायला लावली. जेवायच्या वेळेपर्यंत सगळ्या साड्या वाळून, घड्या होऊन, गरम गरम दिवाणावर! मशीन वाईट नव्हतंच हो. मीच त्याला जिनिंग समजून बसलो होतो.

सकाळी उठलो. शोभा पांढऱ्या साडीत तयार, इतकी छान दिसत होती! मीही आंघोळ करून कपाट उघडलं, आणि लक्षात आलं की माझा एकुलता एक पांढरा झब्बा-पायजमा भिजवलेला तसाच बादलीत आहे. साड्यांच्या गडबडीत त्याची कोणाला आठवणच नाही! मशीनला हात लावायची तर मला बंदी. गपचूप पिळला, वरून इस्त्री फिरवली. झब्बा वाळला. पायजमा... चालण्याइतका वाळला.

विहारात पांढरीशुभ्र चादर अंथरली होती. मी पुढेच मांडी घालून बसलो. भंतेजी आले. महिला मंडळ एका ओळीत आलं, एकही बाई कमी नाही. शोभा माइकसमोर उभी राहिली. पहिल्या शब्दाला आवाज थोडा कापला, मग असा लागला की मी डोळे पुसले. पुसले तर पुसले, पाहू द्या लोकांना!

कार्यक्रम संपता संपता मंदाताईंनी माइक घेतला. "आज ह्या साड्या आपल्याले नेसाले भेटल्या त्या शोभाताईच्या घरच्या मशीनमुळं. भाऊ, उभे राहा, सगळ्यायले दिसू द्या!"

टाळ्या सुरू झाल्या. मी हात जोडून उठलो, चांगला गर्रकन फिरून सगळ्यांना नमस्कार केला. टाळ्या हळूहळू थांबल्या. सगळ्यांची नजर माझ्या पायाखाली. मीही पाहिलं. पांढऱ्या चादरीवर, मी बसलो होतो तिथे, ओला गोल डाग.

माझ्या मागेच बसलेल्या एका आजींनी मायेनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "लाजू नको बापा," त्या हळू बोलल्या, पण शेजारीच उभ्या मंदाताईंच्या हातातला माइक चालूच होता. "वयच हाये ते. आमच्या ह्यायलेबी होत होतं. डॉक्टरले दाखव, गोळी देते तो."

आता तुम्हीच सांगा, भर विहारात कोणत्या तोंडानं सांगणार होतो मी, की आजी, तसं काही नाही हो, पायजमाच ओला घातलाय, आणि माझ्या घरी कपडे वाळवायचं मशीन आहे?