कर्नल बसेना

सत्त्याऐंशी सालच्या गळीत हंगामात जळकोटकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात मुक्ता ओव्हाळ ही चोवीस वर्षांची मुलगी कॉम्प्युटर ऑपरेटर होती. वडील धाराशिवच्या कोर्टात शिपाई. तिनं तिथल्याच कॉलेजात गणित घेऊन बी.एस्सी. केलं आणि मग सोलापूरला शांतलिंग सरांकडं कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स. कारखान्यात कॉम्प्युटर एकच, आणि त्याला हात लावणारीही ती एकटीच.

पाऊस वर्षामागून वर्ष दगा देत होता. विहिरी आटल्या, ऊस उभ्या जागी वाळू लागला. ज्याला त्याला आपला फड आधी तोडून हवा. पूर्वी तोडणीचा क्रम शेतकी विभागाच्या वहीत असायचा आणि वहीतली नावं कुणासाठी वर सरकतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या वर्षी मात्र मुक्ताच्या मशीनवर लागणीच्या तारखेप्रमाणं यादी निघे आणि फाटकाच्या फळ्यावर लागे. लोक बोट फिरवत आपलं नाव शोधत.

शेतकी अधिकारी आबाराव यांना आपल्या खोलीतही त्याच मशीनला जोडलेला पडदा आणि कीबोर्ड, म्हणजे टर्मिनल, हवं होतं, म्हणजे नोंदी घेऊन रोज तीनदा मुक्ताकडं यायला नको. त्यासाठी कॉम्प्युटर कंपनीनं ते टर्मिनल, मशीनच्या डब्यात बसवायचं एक कार्ड, एक फ्लॉपी आणि इंग्रजी पुस्तक पाठवलं. बसवणारा इंजिनिअर 'पुढच्या आठवड्यात' येणार होता. असे तीन आठवडे गेले.

"मुक्ताबाई, तुम्हालाच न्हाय का जमणार?" आबारावांनी विचारलं.

"नवं कर्नल बांधावं लागंल, साहेब."

"कर्नल? फौजेतला?"

"न्हाय ओ. मशीन चालवणारा मूळ प्रोग्राम. ह्या कार्डाची ओळख त्यात घालून तो परत तयार करायचा. मी कधी केलं न्हाय."

"मग आता करा की!"

पुस्तकात सांगितल्याप्रमाणं तिनं कार्ड डब्यात बसवलं, फ्लॉपी मशीनवर उतरवली, एका फाइलीत एक ओळ वाढवली आणि हुकूम दिला. अर्धा तास पडद्यावर अक्षरं पळत राहिली आणि शेवटी मशीननं सांगितलं, हे नाव सापडत नाही. तिनं तीच ओळ परत टाइप केली. परत अर्धा तास, परत तेच उत्तर. दोन दिवस तिनं पुस्तक उलटसुलट वाचलं, तेव्हा कळलं की ज्याला ती इंग्रजी एल समजत होती तो एकचा आकडा होता. छपाईत दोन्ही सारखेच दिसत होते. तिला पुस्तक भिंतीवर फेकावंसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी काम संपत आलं असताना लाइट गेली. आल्यावर मशीननं आधी दीड तास स्वतःची डिस्क तपासली. चौथ्या दिवशी एकही चूक न निघता कर्नल तयार झालं. मुक्तानं ते घाईनं जुन्याच्या जागी घातलं आणि मशीन चालू केलं. पडद्यावर दोन ओळी उमटल्या, खाली 'पॅनिक' हा शब्द, आणि सगळं थिजलं. बंद करून चालू केलं तरी तेच. मग तिनं पुस्तकाचं पुढचं पान उलटलं. तिथं लिहिलं होतं, जुनं कर्नल दुसऱ्या नावानं जपून ठेवावं.

मशीन सुरू करायची वेगळी फ्लॉपी कपाटात होती, पण तिला बुरशी लागलेली. कंपनीला ट्रंक कॉल केला तर उत्तर आलं, पुढच्या आठवड्यात.

यादी थांबली आणि शेतकी विभागाची वही परत उघडली. दोन दिवसांनी कडूबाई नावाची म्हातारी मुक्ताच्या दारात येऊन उभी राहिली. तिचा दीड एकर ऊस होता.

"पोरी, फळ्यावर माझा नंबर चौदावा व्हता. तोडणीची टोळी आली आन माझ्या बांधावरनं हिंमतरावाच्या फडात गेली. आज फळ्यावर कायच न्हाय."

हिंमतराव कारखान्याचे संचालक होते.

"मशीन बंद पडलंय, मावशी."

"कुणी पाडलं?"

"मीच," मुक्ता म्हणाली. म्हातारी दारातूनच मागं फिरली.

त्याच दुपारी मुक्ता एसटीनं सोलापूरला गेली. शांतलिंग सरांच्या ओळखीच्या एका कचेरीत तसलंच मशीन होतं. तिथल्या साहेबांची परवानगी मिळायला चार दिवस गेले, मग सरांनी मशीन सुरू करायच्या फ्लॉपीची नक्कल करून दिली आणि पुस्तक चाळून एवढंच म्हणाले, "कार्ड बारकाईनं बघितलंस का?"

तिनं बघितलं नव्हतं. परत आल्यावर फ्लॉपीवरून मशीन उठवलं, वाढवलेली ओळ काढून आधी जुन्यासारखंच कर्नल बांधलं, ते चाललं. मग त्याच रात्री पेचकस घेऊन डबा परत उघडला. कार्डावर एक बारीक खुंटी तीन नंबरवर होती, आणि पुस्तकातून जशीच्या तशी उतरवलेल्या तिच्या ओळीत चार होतं. खुंटी चारवर हलवली, जुनं कर्नल जपून ठेवलं, नवं बांधलं. अकराव्या दिवशी आबारावांच्या खोलीतला पडदा उजळला.

"आलं, आलं!" आबाराव ओरडले.

मुक्तानं यादी काढली आणि कडूबाईंचं नाव पहिलं आलं, कारण तिच्या आधीचे सगळे फड तोडून झाले होते. टोळी तिच्या फडात गेली तेव्हा निम्मा ऊस वाळून पोकळ झाला होता. मुक्ता बांधापर्यंत गेली, पण पुढं जायचा तिला धीर झाला नाही.

इंजिनिअर त्यानंतर आठ दिवसांनी आला. चहा प्याला, दोन्ही टर्मिनल चालतात हे पाहिलं आणि 'कार्ड बसवून दिले' असा रिपोर्ट लिहून आबारावांची सही मागितली. मुक्ता म्हणाली, "साहेब, सही करू नका." आबारावांनी तिच्याकडं बघितलं आणि सही केली. "कंपनीशी वाकडं कशाला घ्या," ते म्हणाले.

मुक्ता पुढं चार हंगाम तिथं राहिली. तेवढ्या काळात तिनं आणखी तीनदा कर्नल बांधलं. दर वेळी लाइट गेलीच.