टिटवी छाप कागद आणि मामाचं क्लॅरिनेट

आमच्या घरात खाट एकच होती आणि तिच्यावर क्लॅरिनेट झोपायचं. आई, मी आणि गुलाबमामा खाली सतरंजीवर. पावसाळ्यात फरशीला ओल यायची, आणि ओल लागली की वाद्याचं लाकूड फुगतं, म्हणून त्याची पेटी वर. मी तीन वर्षांची असताना बाबा गेले. आईचा हा धाकटा भाऊ चार दिवस सोबतीला म्हणून अमरावतीला आला आणि राहिलाच. आई डोक्यावर टोपलं घेऊन मेथी-सांबार, म्हणजे मेथी-कोथिंबीर, विकायची, मामा लग्नसराईत बँडमध्ये वाजवायचा. सराई संपली की दोघंही भाजी विकत, आणि मामाची आरोळीसुद्धा सुरात असे. शेजारची काकू एकदा म्हणाली, "गुलाब, पोरीले काऊन नाई झोपवत खाटीवर?" मामानं लगेच ऐकवलं, "पोरगी ओली झाली त पुसता येते वो वहिनी. हे फुगलं त आमी तिघंई उपाशी!" मला त्याचा राग नाही यायचा. खरंच होतं ते.

दीड महिन्यापूर्वी अकोल्याच्या कॉलेजात मी वर्गात शिकवत होते आणि आईचा फोन तीनदा वाजला. आई कधी कामाच्या वेळी फोन करत नाही. बाहेर येऊन उचलला तर ती एवढंच म्हणाली, "गुलाब गेला वो माय... तू ये." एसटीत बसले. मूर्तिजापूर मागे पडलं तरी डोळ्यांत पाणी नव्हतं. डोळ्यांपुढे एक पाखरू होतं फक्त. एका पायावर उभी असलेली, निळ्या शाईतली टिटवी.

टिटवी छाप म्हणजे सिगारेट वळायच्या कागदाचं पाकीट. बोटभर लांब, पुस्तकासारखं उघडणारं, आत कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पानं. मामानं जन्मात सिगारेट ओढली नाही. कोणी पुढे केली की म्हणायचा, "हे फुफ्फुस बँडचं हाय, धुराले भाड्यानं देत नाई." पण त्याच्या कोटाच्या खिशात टिटवी नाही असं लग्न झालं नाही. क्लॅरिनेटच्या चाव्यांखाली छोट्या गोल गाद्या असतात. वाजवणाऱ्याच्या फुंकीनं त्या ओलावतात, भोकाला चिकटतात आणि सूर अडकतो. अशा वेळी मामा टिटवीचं एक पान गादीखाली सरकवी, चावी दाबी, सोडी. कागद ओल पिऊन घेई. मग तीच चावी मिटून तो पान हळूच ओढून बघे. "कागद जागचा हलला नाई पायजे. सुळकन आला त समज, तिथून हवा चालली." एवढा पातळ कागद, आणि अख्ख्या वरातीची इज्जत त्याच्यावर! टिटवीचं ओरडणं आपल्याकडे अशुभ. त्यामुळे एखादी आजी खिशातलं पाकीट बघून खेकसायचीच, "लग्नात टिटवी कायले आणली रे मेल्या?" मामा चित्र आत वळवून पाकीट ठेवी आणि म्हणे, "आजी, हे मुकी हाय."

मामाची एक सवय होती. पाकीट संपलं की तो कव्हर फेकत नसे. आतल्या कोऱ्या बाजूवर गाव, तारीख आणि कागद कसा निघाला ते पेन्सिलीनं लिही आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकी. वर तारीख आणि खाली 'वरूड. कागद चांगला.' 'शेंदूरजनाघाट. जाड निघाला.' पुढच्या वेळी पानठेलेवाल्याशी भांडताना पुरावा पाहिजे ना! त्यातलं एक कव्हर आमच्या घरात गाजलेलं. तिवशाची वरात होती. नवरदेव घोड्यावर, मामानं वरचा सूर धरला, आणि क्लॅरिनेट किंचाळून तिथंच बंद. घोडं बिथरलं, नवरदेवाचा फेटा खाली. झालं होतं असं की कंपनीनं न सांगता कागदाच्या कडेला गोंद लावायला सुरुवात केली होती. ओढणाऱ्यांची सोय झाली, पण मामानं सवयीनं पान सरकवलं आणि गादी भोकाला चिकटली ती चिकटलीच. त्या कव्हरवर मामानं लिहिलं, 'तिवसा. गोंद. इज्जत गेली.' पुढे कितीतरी वर्षं आईच्या कात्रीनं प्रत्येक पानाची गोंदाची कड कापायचं काम माझ्याकडे होतं.

मी बी.ए. झाले, घरातली पहिली. अमरावतीलाच विद्यापीठात एम.ए.ला इतिहास घेतला आणि लघुप्रबंधाला विषय मांडला: वऱ्हाडातल्या टिटवी छाप कागदाचा इतिहास. काय झपाटले होते मी तेव्हा! अकोल्याला जाऊन तिथल्या जुन्या पानठेल्यांवर तासन्‌तास उभी राहायचे. पोरीची जात, आणि विचारते सिगारेटचा कागद! पण माणसं सांगत सुटायची. कापसाच्या जिनातली सुटी झाली की फाटकाबाहेर सुटा तंबाखू टिटवीत वळला जायचा. रोजची बिडी, पण सोयरीक बघायला जायचं तर खिशात टिटवी. दाढी करताना कापलं की न्हावी टिटवीचं पान चिकटवी. सोनार नथीचे मोती त्यात गुंडाळी. शाळेतल्या पोरी पाकिटावरचं पाखरू कापून वहीला लावत. एका कागदाला एवढे हात लागलेले, आणि त्याची कुठं एक ओळ लिहिलेली नाही!

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी विषय परत केला. "अगं, कंपनी चार हातांत फिरली, तिचं दफ्तर नाही, जाहिराती नाहीत. लोक 'जुन्या काळी' म्हणतात, म्हणजे कधी? सनावळीशिवाय इतिहास होत नाही. सोमवारपर्यंत दुसरा विषय आण, नाहीतर यंदाचं वर्ष जाईल." आमच्या घरात वर्ष जाणं परवडणारं नव्हतं. आईनं आधीच सांगितलं होतं, "यंदाच्या साली होऊन जाऊ दे माय, माह्या मानेत आता टोपलं उचलायचा दम नाई." त्या दिवशी मी जेवले नाही. मामानं सगळं ऐकलं आणि विचारलं, "तारखाच पायजेत ना तिले?"

सोमवारी तो इतिहास विभागात हजर! पुढे वरात होती, म्हणून बँडचा लाल कोट, सोनेरी झालर, एका हातात क्लॅरिनेट, दुसऱ्या हातात बिस्किटाचा डबा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मामा, काऊन आला तू?" "तू चूप बस." त्यानं मॅडमच्या टेबलावर डबा उपडा केला. शेकडो टिटव्या! मग तारखेप्रमाणे मांडत गेला. निळी टिटवी, लाल टिटवी, पाण्यात उभी, पाण्याबाहेर. तिवशाचं कव्हर आलं तसं तो थांबला. "मॅडम, याच्या आधी गोंद नोता. हे पक्कं. माही इज्जत गेली हाय इथं." मॅडमनी ते कव्हर वाचलं आणि खुर्चीत मागे रेलून हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग चष्मा पुसून एकेक कव्हर उलटून बघायला लागल्या... तास बुडाला त्यांचा. शेवटी म्हणाल्या, "गुलाबराव, हे तुम्ही इतकी वर्षं जपलंत कशाला?" मामा म्हणाला, "पानठेलेवाल्यासंग भांडाले."

विषय मंजूर झाला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी पहिलाच प्रश्न सनावळीचा टाकला, आणि मी तिवशाचं कव्हर पुढे ठेवलं. तळटिपांत मामाचं नाव सत्तावीस वेळा आलं. घरी आल्यावर मामानं ती बोटानं मोजली आणि आईला म्हणाला, "पाय वो ताई, बँडमंदी एवढ्या वेळा नाव नाई घेतलं कोणं."

गेल्या वर्षी मी त्याला चिखलदऱ्याला नेलं होतं. तिथल्या दुकानात टिटवी दिसली. चकचकीत पाकीट, वर इंग्रजी अक्षरं, आणि आता ती उडते आहे. मामानं हातात घेऊन उलटसुलट बघितलं. "उडाली बिचारी," म्हणाला. तरी एक घेतलंच. दम लागत होता, वाजवणं सुटलं होतं. पण सवय...

ते पाकीट त्याच्या पेटीत आहे. आता आमच्या घरात खाटा तीन आहेत, तरी एकीवर क्लॅरिनेटच झोपतं. आई दुसरं काही ठेवू देत नाही. तेराव्यानंतर मी पेटी उघडली, एक पान घेतलं, कात्रीनं गोंदाची कड कापली, गादीखाली सरकवलं आणि चावी मिटून हळूच ओढलं. कागद जागचा हलला नाही. पाकिटाच्या आत बघितलं तर, ते संपायच्या आधीच लिहिलेलं, पेन्सिलीचं अक्षर होतं, जरा थरथरलेलं: 'चिखलदरा. भाचीसंग. कागद बरा हाय.'

मामाचा डबा आज विद्यापीठाच्या ग्रंथालयात, काचेच्या कपाटात आहे. माझा लघुप्रबंध त्याच्या शेजारी आहे. मी एम.ए. झाले, अकोल्याच्या कॉलेजात इतिहास शिकवते, आणि आईनं टोपलं उचलणं बंद केलं आहे.