नाचासाठी गुडघा

२०१७ साली गुडघा बदलल्यावर मी डहाणूत व्यायामासाठी जायचो. तिथे आशागडची एक वारली म्हातारी यायची. तिचाही गुडघा नवा होता. तिच्या तोंडी सगळ्यांनाच अरेतुरे असे.

"मास्तर, गुडघा नवा घातलास, तोंड जुनंच ठेवलंस?"

बायकोला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. मी कसंनुसं हसायचो.

वॉकरशिवाय व्हरांडा ओलांडलास तर भातकापणीनंतर तारप्याच्या सुरावर नाचशील, असं व्यायाम घेणारी ताई तिला सांगे. पण वॉकर सुटला की ती पडायच्या भीतीने जागीच खिळायची.

एके दिवशी तिने ताईला आणि मला दोन बाजूंना उभं केलं आणि नाचात धरतात तसे आमच्या कमरेभोवती हात घातले.

"नाचात कोणी पडत नाय. पडायला जागाच नाय. लाजतोस काय, मास्तर? पाय टाक!"

मी काठी भिंतीला टेकवली आणि लंगडत निघालो. व्हरांडा संपला.

"आजी, नाचशील आता," ताई म्हणाली.

म्हातारीने ताईची कमर सोडली, माझी मात्र धरूनच ठेवली.

"याला अजून एक फेरी लागंल."