कासवांपुरतं पाणी

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मला मूल नव्हतं, आणि वडगावातल्या आमच्या घरात त्याची आठवण कोणी ना कोणी रोज करून देई. अशात एकदा हे गुंजीच्या पाहुण्यांकडे गेले आणि येताना भाताच्या खाचरात सापडलेली कासवाची दोन पिल्लं ओल्या फडक्यात घेऊन आले. "तुला आणलीत," एवढंच म्हणाले.

हातमागाच्या खोलीमागे सूत भिजवायची जुनी दगडी डोणी रिकामी पडली होती. आधी आम्ही ती अर्धी भरली. पिल्लं गुळगुळीत कडेवर नख्या घासत राहिली आणि दमली. मग पाणी अगदी तळाला ठेवलं, तर एक उलटं पडलं. त्याला सुलटं व्हायला पाण्याचा आधारच मिळेना. हे बोट बुडवून बघायचे, मी तांब्यानं थोडं थोडं ओतायची. शेवटी आमचं जमलं. उलटं पडलं तर वळता यावं आणि तळावर उभं राहून मान लांब केली की नाक बाहेर यावं, एवढंच पाणी. एका अंगाला उतरता दगड, चढून ऊन खायला. "मोठी होतील तसं वाढवू," हे म्हणाले. माग थांबल्यावर आम्ही डोणीपाशी बसायचो. एवढं बोलणं आमच्यात त्याआधी कधी झालं नव्हतं.

मग थोरल्या दिरांच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे ठरले. दिरांना सगळे अण्णा म्हणत. घरात त्यांचाच शब्द चाले. त्या सकाळी ते डोणीत डोकावले.

"एवढंसं पाणी? पावणे म्हणतील, ह्यांच्यात पाण्याचा बी दुष्काळ हाय."

त्यांनी दगड काढायला लावला आणि डोणी काठोकाठ भरून वर झेंडूची फुलं सोडली. मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले, "अण्णा, बुडतील ती. दम खायला दगड लागतोय त्यांना."

अण्णा मोठ्यानं हसले. यांच्याकडे वळून म्हणाले, "कासव पाण्यात बुडतंय म्हणं! ऐकलंस का रं?"

हे डोणीला लागूनच उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं.

"कासव कुठं बुडतंय, अण्णा," हे म्हणाले.

पाहुण्यांची पंगत उठेपर्यंत मला चुलीपुढून हलता आलं नाही. मग धावले. एक फुलांमध्ये मान टाकून तरंगत होतं. दुसरं कडेशी अजून नख्या मारत होतं, ते मी उचललं. अण्णा पाहुण्यांसमोरच म्हणाले, "हिच्या हाताला काय जगतच न्हाय." हे पाहुण्यांना पान देत होते. त्यांनी तबक पुढं सरकवलं.

पाहुणे गेल्यावर मी म्हणाले, "तुम्हाला सगळं ठाऊक होतं."

"पावण्यांम्होरं अण्णांना खोटं पाडू व्हय?"

"मला पाडलंत की."

राहिलेलं कासव मी त्यांच्या हातात दिलं आणि जिथून आणलं तिथं सोडून यायला सांगितलं. ते निमूट गेले, सोडूनही आले.

पुढे मला मुलं झाली. अण्णांनीच पेढे वाटले, आणि घरात माझा मान वाढला. यांनी कधी हात उगारला नाही, कधी वाईट शब्द काढला नाही. लई चांगला माणूस, असं गल्लीत सगळे म्हणायचे. मी कधी ते खोडून काढलं नाही. फक्त घरातलं काही ठरवायचं असलं की त्यांना विचारणं सोडून दिलं.