ते 'सावधान' माझं नव्हतं

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. चुलीवरून लिंबू उतरवणाऱ्या आचाऱ्याला मी पाहुण्यांदेखत झापलेलं आहे. पण आमच्या भागातले निम्मे लोक समजतात की त्या दिवशी ओरडले ती मीच, आणि उरलेले म्हणतात बंगल्यात काहीतरी आहे. दोघांनाही एकदाच काय ते सांगून टाकावं म्हणून लिहायला बसलेय.

नळदुर्गच्या अलीकडं, सोलापूर-हैदराबाद हायवेवरून आत वळलं की आमचा बंगला लागतो. निजामाच्या काळात कुणी तालुकदार त्यात राहायचा. काळ्या दगडाच्या भिंती, मधे दुमजली उंचीचा हॉल आणि वर चारी बाजूंनी फिरणारी लाकडी गॅलरी. सासऱ्यांनी तो घेऊन त्याचं गोडाऊन केलं होतं. हरभऱ्याची पोती बाहेर काढून तिथं लग्नं लावायला लागले ती मी. "असल्या जुनाट जागेत कोण लग्न करतंय" म्हणून नाकं मुरडणारे पाहुणे आता तारखेसाठी माझ्याच मागं लागतात. इतक्या वर्षांत साधा जिना वाजल्याचीसुद्धा तक्रार नव्हती.

तर... ते लग्न भाग्यश्रीचं. तिचे वडील मल्लिनाथकाका, लोहाऱ्याचे किराणा दुकानदार, आमच्या जुन्या ओळखीचे. पोटाचा कॅन्सर. सोलापूरच्या डॉक्टरांनी "घरी न्या" म्हणून सांगितल्यावर दिवाळीनंतरचं लग्न उन्हाळ्यातच ओढून घेतलं. जागा बघायला आले तेव्हा काकांना धड उभं राहवत नव्हतं. मी मंडपाचं, जेवणाचं विचारत होते तर म्हणाले, "ते पोरं बघतील, ताई. मला दुसरं काय बी नको. पोरीवर माझ्या हातानं अक्षता पडल्या म्हंजे झालं."

लग्नादिवशी त्यांना मंचाच्या कडेलाच खुर्चीत बसवलं. नाकाला नळी, शेजारी ऑक्सिजनचं नळकांडं, आणि मुठीत अक्षता. जंगम स्वामींनी मंगलाष्टका सुरू केल्या, एकेक करत शेवटच्या अष्टकापर्यंत आले... आणि भाग्यश्रीच्या मामानं त्यांच्या हातातून माईक घेतला.

"साहेब आपल्या गेटजवळ आलेले आहेत. सर्वांनी शांततेत थांबून सहकार्य करावं."

आमच्याकडचा माणूस पुढं काय ते ओळखेल. पत्रिकेवरचा मुहूर्त आमच्याकडं पत्रिकेपुरताच असतो. कुणीतरी साहेब येणार म्हटलं की नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना ताटकळणार आणि साहेब "गेटजवळ" असणार, म्हणजे अजून उमरग्यातून निघायचे असणार. मामा पक्षाचं काम करणारा माणूस. काकांच्या आजारपणात सगळी धावपळ त्यानंच केली होती, म्हणून घरचं कुणी त्याच्यापुढं तोंड उघडेना.

तिसऱ्यांदा तेच अनाउन्स झालं तेव्हा काकांची मान छातीवर आली होती. मूठ सैल पडून तांदूळ धोतरावर सांडत होते. भाग्यश्रीला अंतरपाटाआडून वडील दिसत होते. हातात हार धरून ती नुसती त्यांच्याकडं बघत होती. माझं डोकंच फिरलं.

"दादा, काकांकडं बघा जरा. स्वामींना पुढं म्हणू द्या."

"ताई, साहेबांनी शब्द दिलाय. पाचच मिनिटं." आणि वर मलाच म्हणाला, "तुम्ही जेवणाकडं बघा."

माझा आवाज तसा प्रसिद्ध आहे. जनरेटर बंद पडला तर माईकवाला मलाच बोलावतो. पण भांडत बसण्यापेक्षा काकांना तिथंच आडवं करावं म्हणून मी वरच्या खोलीतून गादी आणायला धावले. गादी कवटाळून गॅलरीत आले, कठड्यापाशी पोचले, तोच ऐकू आलं...

"शुभ मंगल सावधान."

लांब ओढलेलं, खणखणीत. बाईचं की पुरुषाचं, आजही सांगता येत नाही. मला ते खालून, स्वामींच्या बाजूनं आल्यासारखं वाटलं. आणि अख्ख्या हॉलनं एकदम अक्षता उधळल्या. अंतरपाट धरणाऱ्यांनी तो सोडला, अक्षता बघून बाहेर बँड सुरू झाला, भाग्यश्रीनं हार घातला. तेवढ्या गोंधळात काकांची मूठ वर गेली. उरलेसुरले दाणे तिच्या खांद्यावर पडले. ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि गादीत तोंड खुपसून रडले.

मामा लालबुंद. "कोण म्हणलं? कोण म्हणलं ते?" स्वामींनी दोन्ही हात वर केले, मी नाही. मग सगळ्यांनी वर बघितलं. माझ्याकडं. खालच्या प्रत्येकाला तो आवाज गॅलरीतून आला होता.

"पुन्हा लावायचं लग्न," मामा म्हणाला, "साहेब आल्यावर."

तेव्हा काका बोलले. बारीक आवाजात, पण बोलले. "साकु." कानडीत साकु म्हणजे पुरे. "माझ्या अक्षता पडल्यात. आता कुणाची वाट न्हाय बघायची."

साहेब आले तेव्हा काकांना गाडीत घालून सोलापूरला हलवत होते. रस्त्यातच ते गेले.

नंतर मी शूटिंग मागवून घेतलं. त्यात गॅलरी स्वच्छ दिसते, गादी कवटाळलेली मी दिसते, माझं तोंड बंद आहे. आणि आवाज नाहीच. माणसांची कुजबुज, पंख्यांची घरघर, आणि काही कारण नसताना शेकडो हात एकदम वर जातात. शूटिंगवाला म्हणाला माईकमध्ये घोळ असेल. असेल बाबा. मग कुजबुज कशी आली? आता बुकिंगलाच बजावते, इथं लग्न वेळेवर लागणार, साहेब आले तर जेवून जातील. लोक निमूट मान डोलावतात.

महिन्याभरानं भाग्यश्री माझ्यासाठी इरकल साडी घेऊन आली. "ताई, तुम्ही ओरडला नसता तर..."

"अगं बाई, मी नव्हते गं."

"मग पप्पांनी वर बघून तुम्हाला हात का जोडले?"

हात जोडले होते, खरंय. अक्षता टाकल्याबरोबर. मला वाटलं मलाच, म्हणून गादीत तोंड खुपसायच्या आधी मी मान हलवली. पण मी नीट बघत होते... काका माझ्याकडं बघत नव्हते. माझ्या डाव्या हाताला, कठड्याजवळ बघत होते, आणि ओळखीच्या माणसाकडं बघून हसावं तसं हसत होते. गॅलरीत मी एकटीच होते.

तिला हे सांगितलं नाही. इरकल ठेवून घेतली, तिच्या कपाळाला कुंकू लावलं. अजून नेसलेली नाही.