आबांच्या खिडकीतले लाल होले

आबांना, माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला तेव्हा ते अमळनेरला एकटेच राहत होते. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. मी त्यांना धुळ्याला माझ्याकडे आणलं आणि मागच्या खोलीत ठेवलं. त्या खोलीला परसाकडची मोठी खिडकी आहे. हिवाळ्यात सकाळचं ऊन तिथून थेट आत येतं. खाट मुद्दाम खिडकीला लागून टाकली. ऊन पायांवर आलं की आबा डोळे मिटून पडून राहत.

परसात पेरूच्या फांदीला मी एक फुटकी परात टांगली होती. तिच्यात ज्वारी-बाजरी टाकायची. साधे होले, चिमण्या, साळुंक्या रोजच्याच. त्या डिसेंबरात मात्र एका सकाळी आबांना चहा पाजताना परातीत वेगळाच होला दिसला. विटकरी अंग, राखाडी डोकं, मानेमागं काळी रेघ. लाल होला! शेतशिवारात, सातपुड्याच्या पायथ्याला हा दिसतो. आमच्या कॉलनीत मी कधी पाहिला नव्हता. पाठोपाठ त्याची मातकट मादी उतरली. माझ्या हातातला चमचा तसाच राहिला आणि चहा आबांच्या हनुवटीवरून ओघळला.

कॅमेरा माझ्याकडे होता, जुना घेतलेला. पण मागचं दार नुसतं करकरलं तरी जोडी उडून जायची. फोटो मिळणार तो आबांच्या खिडकीतूनच. दोन-तीन दिवस मी खाटेवरून वाकून प्रयत्न केला. फोटो हलायचे. शेवटी खाट ओढून पलीकडच्या भिंतीला लावली, खिडकीवर जाड चादर बांधली आणि तिला लेन्सपुरतं भोक पाडलं.

बायकोनं विचारलं, "हे काय केलंत?"

"फटीतून गार वारा येतो. आबांना बाधेल," मी म्हणालो.

तिला ते पटलं. मलाही, सांगता सांगता, थोडंसं पटलं.

मग रोज सकाळी ऑफिसची वेळ होईपर्यंत मी त्या अंधाऱ्या खोलीत स्टुलावर बसू लागलो. फोटो सुंदर येत होते. पिसांची कड न् कड दिसायची. पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकले की लोक विचारायचे, कुठल्या जंगलात गेला होता? पाठीमागे आबांचा श्वास ऐकू येत असायचा. मध्येच ते घशातून काहीतरी आवाज काढत. मी मागे न बघता म्हणायचो, "हो आबा, आलो."

संक्रांतीच्या आसपास भडगावहून अक्का आली, माझी मोठी बहीण. आल्या आल्या तिनं कुणाला तरी फोन लावला. माझ्यासमोरच म्हणाली, "आमचा भाऊ ना, रोज सकाळी आबांजवळ बसून असतो. असा मुलगा नशिबानं मिळतो." मी पाणी आणायच्या निमित्तानं उठून गेलो. परत आलो तर ती आबांच्या पायांवर हात ठेवून बसली होती.

"पाय किती गार पडलेत रे! या खोलीत ऊन येत नाही?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. आबा माझ्याकडेच बघत होते. त्यांच्या नजरेत राग नव्हता, तक्रार नव्हती. ती असती तर बरं झालं असतं.

"येतं," मी म्हणालो. "चादर मी बांधलीय. पाखरांचे फोटो काढायला."

अक्कानं भोकाकडे पाहिलं, स्टुलावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि आबांचे तळपाय चोळत राहिली. तिनं मला चार शब्द सुनवावेत म्हणून मी उभा राहिलो. शेवटी ती एवढंच म्हणाली, "खाट धर तिकडून."

आम्ही दोघांनी खाट पुन्हा खिडकीशी नेली. चादर सोडली तसे होले भुर्रकन उडाले, आणि बरेच दिवस फिरकले नाहीत. मला त्याची हळहळ वाटली, आणि ती वाटली म्हणून स्वतःची शरमही.

अक्का गेल्यावर एका सकाळी ती जोडी परतली. आबा निश्चल पडून असतात, त्यामुळे ती बुजली नाही. कॅमेरा कपाटात होता. मी दाराशीच थांबलो. आबांचा डावा हात गोधडीवरून किंचित उचलला गेला.

"शे," ते म्हणाले. आमच्या अहिराणीत शे म्हणजे आहे. आजारपणानंतरचा पहिला कळेल असा शब्द.

मी जवळ जाऊन वाकलो. "काय शे, आबा?"

पाखरू, ऊन की मी, त्यांना काय म्हणायचं होतं कुणास ठाऊक. मी तेलाची वाटी घेतली आणि त्यांच्या पायांशी बसलो.